डाव्या हाताची सुरी

एकोणीसशे सहासष्ट सालची गोष्ट. साल पक्कं आठवतं, कारण त्याच वर्षी बंदरावरच्या मासळी-घराला पांढऱ्या फरशा बसल्या आणि त्याच वर्षी बाबांचं उजवं मनगट कामातून गेलं. मी बावीस वर्षांची होते. एक जाड वेणी, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, आणि स्वतःबद्दल जरा जास्तच चांगलं मत.

मासळी-घरात एक लांबलचक टेबल होतं. त्याच्यापाशी सहा जण ओळीने उभे राहायचे आणि मासा साफ करायचे. साफ करायचा म्हणजे नुसतं पोट काढून खवले खरवडायचे नाहीत. मधल्या काट्यावरून सुरी फिरवून दोन्ही बाजूंचं मांस अखंड, सपाट उतरवायचं. काटा उरला पाहिजे तो कंगव्यासारखा स्वच्छ. बाबा तिथे चौथ्या जागेवर सव्वीस वर्षं उभे होते. मी मागच्या बाजूला बर्फाच्या पेट्या भरायचे.

आता बाबांची जागा पुढच्या महिनाअखेर रिकामी होणार होती. घरातल्या माणसाला ती मिळू शकत होती, पण परीक्षा देऊन. दहा मासे. दोन बिघडले तर माफ. तिसरा बिघडला की परत बर्फाकडे, आणि जागा बाहेरच्या माणसाला. मला ती जागा हवी होती. बाबांची म्हणून नव्हे... मला ते काम येत होतं म्हणून.

आणि नेमकी तेव्हाच मी बाबांची सुरी मोडली. पेटीचं झाकण बर्फाने चिकटलं होतं, मी सुरीचं टोक घालून उचकटायला गेले. टक्क! बोटभर टोक पेटीत, बाकीची सुरी माझ्या हातात.

बाबा नुसतं म्हणाले, "सुरीने पेट्या उघडणारी बाई टेबलावर उभी राहणार म्हणे."

त्यापेक्षा ओरडले असते तर बरं.

तशीच तणतणत मी मागच्या रस्त्यावरच्या हत्यारांच्या दुकानात गेले. दुकान एका खडूस म्हाताऱ्याचं, हे सगळ्या बंदराला माहीत होतं. पण त्या दुपारी म्हातारा जेवायला घरी गेला होता आणि गल्ल्यापाशी एक उंच, सडपातळ मुलगा कात्रीला धार लावत बसला होता. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. नाकावर धारेच्या दगडाची भुकटी.

"मासा साफ करायची सुरी द्या," मी म्हटलं.

त्याने फळीवरून एक काढून दिली. मी ती वजनाला उचलून पाहिली.

"ही सुरी आहे?"

"मग काय आहे?"

"हातोडीची धाकटी बहीण असावी."

तो हसला नाही. पण कात्री खाली ठेवली. "काय खोट आहे तिच्यात?"

मी टोक लाकडी गल्ल्यावर टेकवून दाबलं. पातं जागचं हललं नाही. "बघा. वाकतच नाही. काटा काय सरळ असतो? पोटापाशी तो बाहेर येतो, शेपटीकडे आत जातो. सुरी त्याच्या कलाने गेली पाहिजे."

"म्हणजे मऊ हवी."

"मऊ नाही हो... समजूतदार. टोकाला वाकणारी, मुठीपाशी ठाम."

"अशी सुरी," तो हळूच म्हणाला, "की अशी माणसं?"

मी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. तो पुन्हा फळीकडे वळला होता, पण त्याचे कान लाल झाले होते. असा धीट बोलणारा आणि लगेच कान लाल करणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

त्याने आणखी तीन सुऱ्या मांडल्या. मी म्हटलं, "जरा पाणी द्या."

त्याने धावत जाऊन पेला भरून आणला. मी तो पेला माझ्या हातावर ओतला.

"अहो! प्यायला आणलं होतं मी."

"मला मूठ बघायचीय. कोरड्या हातात सगळ्याच मुठी चांगल्या वाटतात. आम्ही दिवसभर ओल्या हाताने काम करतो. ही बघा, ही निसटली. ही पण. आणि ही... हिला खाच आहे, पण खाचेत घाण बसणार." मी चारही सुऱ्या मागे सारल्या. "एकही नको."

"मग?"

"मग चांगली मागवा. पातं वीतभर लांब, दोन बोटांपेक्षा रुंद नको. मूठ लाकडी, खडबडीत. पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं."

"आणि ती आली की नाही हे तुम्हाला कसं कळणार?"

"मी येऊन विचारीन की."

"रोज?" त्याने विचारलं.

"मंगळवारी," मी म्हटलं. इतकी स्वस्त मी नव्हते.

सुरी यायला तीन आठवडे लागले. तोवर मी तीन मंगळवार गेले. एकदा शुक्रवारीसुद्धा गेले, पण तेव्हा खरोखरच बर्फाच्या पेटीसाठी खिळे हवे होते. म्हातारा त्याचा मामा निघाला. आईवडील नसलेल्या भाच्याला त्याने लहानपणापासून सांभाळलं होतं आणि धार लावायला बसवलं होतं. बंदरावर सगळे त्याला 'धारवाला' म्हणत; मीही तेच म्हणायला लागले.

दुकानात मामा असले की आमचं बोलणं फार शहाण्यासारखं चाले.

"आपल्याकडे तेल आहे का हो, पात्याला लावायचं?"

"आहे ना. पातळ देऊ की घट्ट?"

"पातळच द्या. घट्ट तेल माशाला लागतं."

मामा चष्म्यावरून पाहायचे आणि म्हणायचे, "एवढ्याशा बाटलीसाठी अर्धा तास? आमच्या वेळी लोक एवढ्या वेळात घर विकत घ्यायचे."

सुरी आली तेव्हा मी टोक टेकवून दाबलं आणि पातं धनुष्यासारखं वाकून अलगद सरळ झालं. मला इतका आनंद झाला की मी त्याचा दंड धरला. लगेच सोडला. पण धरला तो धरलाच...

त्यानंतरचे तीन आठवडे सुरी सांभाळायच्या शिकवणीचे. खरं तर मला बरंचसं येत होतं, पण त्याच्या तोंडून ऐकायला बरं वाटायचं. दगड आधी पाण्यात बुडवायचा, बुडबुडे थांबेपर्यंत. सुरीची पाठ दगडापासून जराशीच उचलायची, खाली दोन नाणी मावतील एवढी. जोर लावायचा नाही. जोर लावणारा माणूस घाईत असतो, असं तो म्हणे.

"तुम्ही नाही वाटतं कधी घाईत?"

"मी? मी तर काम संपू नये म्हणून बघतो."

आणि काम झालं की थंड पाण्याने धुवायची, तिथल्या तिथे पुसायची, भांड्यांच्या ढिगात टाकायची नाही. मी मान डोलवायचे आणि त्याच्या बोटांकडे बघायचे. तो माझ्याकडे बघायचा. निदान मला वाटायचं की तो माझ्या डोळ्यांकडे बघतोय. इथे माझी चूक झाली.

एक गोष्ट सांगायची राहिली. मी डावखुरी.

लहानपणी बाबांनी मला सुरी दिली ती उजव्या हातात. मी डाव्यात घेतली की ते न बोलता काढून पुन्हा उजव्यात द्यायचे. दहा वर्षं. त्याला कारण होतं. लांब टेबलावर सहा माणसं खांद्याला खांदा लावून उभी असतात, सगळ्यांचे कोपर एकाच बाजूला. मधेच एखादा डावखुरा उभा राहिला तर त्याचा कोपर शेजाऱ्याच्या कोपरावर आपटणार, आणि दोघांच्याही हातात सुऱ्या. म्हणून टेबलावर डावा हात चालत नसे. बाबांनी माझा हात बदलला तो माझ्या भल्यासाठीच. मीही इतकी सरावले होते की बाकी सगळं डाव्याने करायचे, पण मासा आणि सुरी दिसली की उजवा हात आपोआप पुढे यायचा.

हे धारवाल्याला ठाऊक नव्हतं. मासळी-घरात बाहेरच्यांना सोडत नसत. त्याने मला मासा साफ करताना कधी पाहिलंच नव्हतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी सुरी शेवटची धार लावायला त्याच्याकडे टाकली. संध्याकाळी त्याने ती कागदात गुंडाळून, टोकाला बूच लावून दिली.

"नेहमीपेक्षा वेगळी लावलीय," तो म्हणाला. "हातात घेतलीत की कळेल."

"कशी वेगळी?"

"उद्या सांगा. जागा मिळाली की." एवढं बोलून तो थांबला. "मिळेलच म्हणा. तुमच्याकडे बघून वाटतं."

घरी येऊन मी सुरीने कागदाचा कोपरा कापून पाहिला. कागदाला कळलंसुद्धा नाही. मासा घरात नव्हता. मी निवांत झोपले.

सकाळी टेबलाभोवती सगळे गोळा झाले होते. टेबलाच्या प्रमुख बाईला सगळे 'सरकार' म्हणत, कारण तिने म्हटलं ते कायदा. साठीची, रुंद खांद्यांची, पुरुषासारखा आवाज. ती डाव्या टोकाच्या पहिल्या जागेवर उभी असायची, मोठ्या खिडकीपाशी. उजेड तिथे सगळ्यात चांगला. चौथ्या जागेवर मी. माझ्या डाव्या हाताला, तिसऱ्या जागेवर, लांबू नावाचा ताडमाड माणूस. बाबा मागे भिंतीला टेकून.

"चल पोरी," सरकार म्हणाली. "बघू तुझ्या बापाने काय शिकवलंय."

पहिला मासा घेतला. डोक्यामागे काप दिला, सुरी आडवी केली, शेपटीकडे निघाले... आणि पातं काट्यात रुतलं. मी सोडवायला जरा वर उचललं, तर ते उसळून मांसात शिरलं. अर्धी बाजू फाटली.

"एक," सरकार म्हणाली.

दुसरा. हात हलका ठेवला. तरीही पातं आपलं खालीच ओढलं जातंय, जसं हट्टी गाढव रस्त्याच्या कडेला ओढतं. काट्याचे तुकडे मांसात आले.

"दोन."

मागे कुणीतरी चुकचुकलं. लांबू पुटपुटला, "बाबांची जुनी आण गं एखादी. ही सुरीबाई तुझ्यावर रुसलीय."

मला रडू आलं नाही. राग आला. धारवाल्याचा. काय करून ठेवलंय याने? मी सुरी फडक्याने पुसली आणि खिडकीच्या उजेडात धरली. पात्याच्या उजव्या बाजूला काहीच नव्हतं, जवळजवळ सपाट. आणि डाव्या बाजूला धारेलगत एक बारीक, सारखी चमकणारी पट्टी, टोकापासून मुठीपर्यंत. एका बाजूनेच घासलेली. एवढी नीट, की कुणाच्या हातून चुकून होणार नाही.

माझ्या लक्षात आलं. ही डाव्या हातासाठी लावलेली धार होती.

मी त्याला कधीच सांगितलं नव्हतं. आमच्या घराबाहेर कुणी कधी लक्षही दिलं नव्हतं. सहा आठवडे मी दुकानात जात होते. पेला उचलत होते, बाटलीचं झाकण फिरवत होते, वेणी मागे टाकत होते. आणि तो माझ्या डोळ्यांकडे नाही, हाताकडे बघत होता. सगळं बघून, जपून ठेवून, रात्रीतून माझ्यासाठी ही एक धार लावली. मला न विचारता. मूर्ख! गोड मूर्ख...

हे सगळं एका श्वासात मनात येऊन गेलं. मासे आठ उरले होते.

"काय गं, दमलीस?" सरकारने विचारलं.

"नाही." मी सुरी डाव्या हातात घेतली. भिंतीपाशी बाबांचा श्वास मला ऐकू आला. "लांबूदादा, एक पाऊल मागे सरका."

"का?"

"कोपर लागेल."

तो सरकला. तिसरा मासा मी कधी संपवला ते कळलं नाही. पातं काट्यावरून असं गेलं की जणू त्याला वाट पाठ होती. दोन्ही बाजू अखंड. चौथा. पाचवा. सुरीचा बारीक खरखर आवाज आणि नळाचं पाणी, एवढंच. दहाव्याचा काटा मी शेपटीला धरून उचलला आणि सरकारच्या पुढ्यात ठेवला.

तिने तो उजेडात धरला. पलीकडची खिडकी त्यातून दिसत होती.

"डाव्या हाताला या टेबलावर जागा नाही," ती म्हणाली. "नियम माहीत आहे ना?"

"माहीत आहे. मधल्या जागेवर नाही चालत. टोकाला चालतो. डाव्या टोकाला उभी राहिले तर माझा कोपर हवेत राहील."

डावं टोक सरकारचं होतं.

सरकारने माझ्याकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. मग तिने आपल्या दोन्ही सुऱ्या उचलल्या, फडकं खांद्यावर टाकलं आणि चालत येऊन माझ्या शेजारी उभी राहिली.

"बारा वर्षं त्या खिडकीचा वारा खातेय. मान धरते माझी," ती म्हणाली. "चल हो तिकडे. लांबू, हसलास तर तुला बर्फात पाठवीन."

बाबा दारापाशी भेटले. बराच वेळ माझ्या हाताकडे बघत होते.

"मी दहा वर्षं तुझा हात बदलत होतो," ते म्हणाले.

"हो बाबा."

"आणि ही धार... कुणी लावली?"

"मागच्या रस्त्यावरचा धारवाला आहे ना, त्याने."

"त्याला कसं कळलं?"

मी सुरी फडक्यात गुंडाळायला लागले. बाबांनी माझा चेहरा वाचला. मग घसा साफ केला. "नाव काय त्याचं?"

मी तडक दुकानात गेले, बुटांसकट, अंगाला मासळीचा वास येत असताना. मामा मागच्या फळ्या आवरत होते. तो उठून उभा राहिला. मी सुरी गल्ल्यावर ठेवली.

"चुकीची धार लावलीत."

त्याचा चेहरा पांढरा पडला. "चुकीची?"

"मी उजव्या हाताने काम करते."

"तुम्ही? पण तुम्ही तर..." तो बोटांवर मोजायला लागला. "पेला डाव्याने उचलता. सही डाव्याने. बटण. वेणी. त्या दिवशी माझा हात धरलात, तोसुद्धा डाव्याने."

"दंड," मी म्हटलं.

"दंड."

"एवढं सगळं कधी बघितलंत?"

"दुसरं काय बघत होतो मी?" तो म्हणाला. आणि मग, आवाज अगदी खाली गेला, "किती मासे गेले?"

"दोन."

"माझ्यामुळे. जागाही गेली?"

त्याचे डोळे भरून आले होते. मला आणखी थोडं छळायचं होतं, पण जमेना.

"जागा मिळाली. खिडकीपाशी. सुरी डाव्या हातात घेतली आणि मिळाली. आता तिथेच उभी राहणार, जन्मभर."

तो खुर्चीवर बसला. मग उठला. मग पुन्हा बसला.

मागून मामा ओरडले, "गिऱ्हाईक आहे का गेलं?"

"आहे, मामा!"

"काय घेतंय?"

तो माझ्याकडे बघत राहिला. पहिल्यांदाच डोळ्यांकडे. "ते... ते अजून ठरायचंय."

"ठरलंय," मी म्हटलं. "बाबांनी तुझं नाव विचारलंय."

ते 'तुझं' माझ्या तोंडून सहज गेलं. त्याने ते ऐकलं. कान लाल.

"मग? काय सांगितलंस?"

"म्हटलं, संध्याकाळी येईल तो, त्यालाच विचारा."

आणि तो आला. नाकावरची भुकटी पुसायची राहिलीच होती.

सरकार आणखी सात वर्षं टेबलावर होती, बाबांच्या चौथ्या जागेवर. निवृत्त होऊन बहिणीकडे डोंगरात राहायला गेली आणि तिथून पत्र लिहायची की इथे मासा मिळत नाही, माणसं बरी आहेत. लांबू एका मालवाहू जहाजावर स्वयंपाकी झाला, दूरच्या बंदरात एका विधवेशी लग्न करून तिथेच राहिला. मामांनी दुकान आमच्या हवाली केलं, पण शेवटपर्यंत रोज येऊन बसत आणि गिऱ्हाइकांशी भांडत.

बाबा चौऱ्याऐंशी वर्षांचे होऊन गेले. त्याच्या दोन वर्षं आधी त्यांची उजवी बाजू लुळी पडली. दवाखान्यातली नर्स म्हणाली, आजोबा, आता डाव्या हाताने लिहायचा सराव करा, जड जाईल, पण हळूहळू येईल. तिने त्यांच्या डाव्या हातात पेन्सिल दिली. बाबांनी एका दमात आपलं पूर्ण नाव लिहिलं. गोल, सुबक, जलद अक्षर. उजव्या हाताने त्यांना कधी जमलं नव्हतं इतकं सुंदर. नर्स म्हणाली, वा! बाबांनी पेन्सिल खाली ठेवली आणि खिडकीबाहेर बघत राहिले. मी त्यांचा तो हात हातात घेतला.  

मी त्या खिडकीपाशी एकतीस वर्षं उभी राहिले. माझ्यानंतर तिथे आणखी दोन डावखुऱ्या मुली आल्या. त्यांना कुणी हात बदलायला सांगितलं नाही. आमची मुलगी दुकान चालवते, मुलगा शिक्षक आहे.

आणि तो? तो यंदा त्र्याऐंशीचा झाला. रोज पाच वाजता बंदराकडे फिरायला जातो. कोपऱ्यावर वळायच्या आधी थांबतो, मागे वळतो आणि वर आमच्या खिडकीकडे बघतो. मी तिथे असते. अठ्ठावन्न वर्षांत एकदाच मला ताप होता, उठवत नव्हतं. तेव्हा मुलीला सांगून खुर्ची खिडकीपाशी ओढून घेतली आणि पाच वाजायच्या आत जाऊन बसले.